एबीएसचा दिवा आणि उजवं पुढचं चाक: कामाच्या नोंदी

४ मार्च

काही दिवसांपासून गाडी थांबता थांबता पेडल पायाखाली थरथरत होतं. वेग अगदी कमी, सिग्नलला गाडी टेकवताना शेवटच्या काही फुटांत पुढून घर्रर्र आवाज यायचा आणि गाडी अपेक्षेपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबायची. रस्ता कोरडा, टायर चांगले, म्हणजे चाक घसरायचं काही कारणच नाही. आज एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पिवळा दिवा लागला, सोबत ट्रॅक्शन कंट्रोलचा पण.

सगळ्यात आधी लाल ब्रेकचा दिवा बघितला, तो बंद आहे. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो: फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ शकतं. पिवळ्यासोबत लाल पण लागला तर फ्लुइड कमी असू शकतं, किंवा पुढच्या मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते, आणि मग गाडी चालवायचीच नाही. माझ्याकडे फ्लुइड खुणेच्या वर आहे, पॅड जाड आहेत, पाइपवर कुठे ओल नाही.

ओळखीच्या दोघांनी सांगितलं की चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलून टाक, नव्वद टक्के वेळा तोच असतो. असेलही, पण न मोजता पार्ट आणायचा नाही असं ठरवलंय. दिव्याचा फ्यूज काढून टाक असंही एकाने सुचवलं, ते तर अजिबात करू नका. ती थरथर म्हणजे एबीएस विनाकारण ब्रेकचं प्रेशर सोडतंय, समोर कोणी आडवं आलं तर तेवढं हातभर अंतर महत्त्वाचं आहे.

५ मार्च

माझ्याकडचा छोटा ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला, एकही कोड नाही. अर्धा दिवस अॅप बदलून बदलून बघण्यात गेला. हे साधे रीडर फक्त इंजिनचे, म्हणजे पी ने सुरू होणारे कोड वाचतात, ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात आणि त्यासाठी एबीएस मोड्यूलशी, म्हणजे एबीएसच्या कॉम्प्युटरशी बोलणारा स्कॅनर लागतो. तसा स्कॅनर एका मित्राकडून मागून आणला.

कोड आला सी००४०, उजवं पुढचं चाक, स्पीड सेन्सरचं सर्किट. इथे "सर्किट" हा शब्द नीट वाचा. सेन्सर खराब आहे असं कोड म्हणत नाही. दातेरी रिंग (चाकासोबत फिरते, तिचे दात सेन्सरसमोरून जातात), रिंग आणि सेन्सरमधली फट, सेन्सर, त्याची वायर, कपलर, तिथून मोड्यूलपर्यंतची वायरिंग, यातलं काहीही असू शकतं. बाकीच्या चाकांचे कोड पण इथेच टाकून ठेवतो, डावं पुढचं सी००३५, डावं मागचं सी००४५, उजवं मागचं सी००५०. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात त्यामुळे आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच पक्कं करा.

कोडपेक्षा जास्त उपयोगी पडला तो लाइव्ह डेटा. चारही चाकांचा वेग एका ग्राफवर लावला आणि भाच्याला शेजारी बसवलं, कारण चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही हे नक्की. मोकळ्या रस्त्यावर सरळ चालवली, चारही रेषा एकमेकींवर. हळूहळू थांबवायला लागलो तर तो म्हणाला, "मामा, उजवा पुढचा शून्यावर गेला, बाकीचे अजून अकरावर आहेत." परत केलं, परत तेच, दहा-बाराच्या खाली आलं की ही एक रेषा सरळ खाली.

म्हणजे थरथरीचं कारण कळलं. मोड्यूलला तीन चाकं फिरताना दिसतायत आणि एक अचानक थांबलेलं, त्याच्या दृष्टीने ते चाक लॉक झालंय म्हणून तो त्या चाकाचं प्रेशर सोडतो. तो बरोबर वागतोय, त्याला मिळणारी माहिती चुकीची आहे.

८ मार्च

सुट्टीचा दिवस, मीटर घेऊन बसलो. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक, गाडी न्यूट्रलला, उजवी पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाजवळ हात घालू नका, एक मिनिटासाठी पण नाही.

मोजायच्या आधी सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. जुन्या पद्धतीचा पॅसिव्ह म्हणजे आत चुंबक आणि कॉइल, समोरून लोखंडी दात गेला की तो स्वतः एसी व्होल्टेज तयार करतो. नव्या गाड्यांमध्ये बहुतेक अॅक्टिव्ह असतो, त्याला मोड्यूलकडून सप्लाय मिळतो आणि तो साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांवर करंट बदलून सिग्नल देतो. दोन्हीला दोनच वायर असतात त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. अॅक्टिव्ह सेन्सरला ओहमवर मीटर लावू नका, त्यातून काही कळत नाही आणि आतलं सर्किट खराब होऊ शकतं. मॅन्युअलमध्ये नसेल तर कपलर सोडून, इग्निशन ऑन करून गाडीच्या बाजूच्या पिनांवर सप्लाय येतो का ते बघा. पूर्ण बॅटरीएवढं किंवा त्याच्या जवळपास व्होल्टेज आलं तर अॅक्टिव्ह. पॅसिव्हच्या लाइनवर पण मोड्यूल थोडं व्होल्टेज ठेवतो, त्यामुळे "काहीतरी आलं" एवढ्यावर ठरवू नका. माझी गाडी जुनी आहे, मॅन्युअलप्रमाणे पॅसिव्ह.

कपलर सोडून सेन्सरच्या बाजूने मोजलं. उजवा १.२ किलोओहम, मग डाव्या बाजूला जाऊन तोही मोजला, १.१ किलोओहम. दोन्ही ठीक, साधारण १ ते २ किलोओहमच्या आसपास पॅसिव्ह सेन्सर असतात. बॉडीला शॉर्ट नाही.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं, सेकंदाला साधारण एक फेरा. डावा ०.४ व्होल्ट, उजवा ०.१५ च्या आसपास. इथे दोष पकडला. कॉइल चांगली आहे पण सिग्नल कमजोर, म्हणजे फट वाढलेली असणार. पॅसिव्ह सेन्सरचं व्होल्टेज वेगावर आणि फटीवर अवलंबून असतं, फट मोठी असली तरी जास्त वेगात सिग्नल पुरेसा मिळतो, वेग कमी झाला की मोड्यूलला ओळखू येण्याच्या खाली जातो. ग्राफमध्ये दहा-बाराच्या खाली रेषा पडत होती ती याच्यामुळे.

वर आणि खाली धरून चाक हलवून बघितलं, बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा नाही. हे बघणं आवश्यक आहे कारण सैल बेअरिंगने पण फट बदलत राहते.

११ मार्च

सेन्सर काढायला बसलो आणि या कामाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. बोल्ट १० चा, तो सहज निघाला. सेन्सर मात्र जागचा हलेना, नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) गंजाने घट्ट बसलेला. बीडाचा नकल, प्लास्टिकचा सेन्सर, मध्ये गंज, हे बऱ्याच गाड्यांमध्ये असंच असतं.

वायर धरून ओढायचं नाही. स्क्रूड्रायव्हर घालून एका बाजूने उचकटायचं पण नाही, डोकं तुटून खालचा तुकडा भोकात राहतो आणि मग ड्रिलने काढावा लागतो, तेही खाली रिंग असताना. परवा रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं, काल परत मारलं. आज पकडीने सेन्सरचं डोकं धरून आधी फक्त डावी-उजवीकडे अगदी थोडं फिरवायचा प्रयत्न केला. बराच वेळ काहीच नाही, मग केसभर हललं, परत ऑइल, परत थोडं. एकदा फिरायला लागलं की मग फिरवत फिरवत वर घ्यायचं. अखंड निघाला.

ज्यांना घाई आहे त्यांना सांगतो की हे संध्याकाळी तासाभरात उरकायचं काम म्हणून धरू नका. दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असेल तर सुरूच करू नका.

सेन्सरची कॉलर जिथे नकलवर टेकते तिथे पापुद्रे सुटलेला गंजाचा थर होता, मिलिमीटरच्या आसपास जाड. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो खालून वाढत सेन्सरला वर ढकलतो. इथे फट नट फिरवून सेट करायची सोय नसते, सेन्सर जिथे टेकतो तीच फट, आणि ती पूर्ण मिलिमीटरभराचीही नसू शकते. त्यात हा थर घातला तर सिग्नल कमी होणारच. नुसता नवा सेन्सर आणून याच गंजावर बसवला असता तर दिवा परत लागला असता.

१२ मार्च

साफसफाई. भोकातून खाली भुसा पडू नये म्हणून आधी आत कापडाची घट्ट गुंडाळी बसवली, तिला बाहेरून दोरा बांधला म्हणजे आत राहून जाणार नाही. मग टेकायची जागा छोट्या वायर ब्रशने, शेवटी एमरी पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. भोकाच्या भिंती पण, पण भोक मोठं होईल इतकं घासायचं नाही.

कापड काढल्यावर त्याच भोकातून टॉर्च मारून चाक सावकाश फिरवलं आणि रिंगचा एक एक दात बघितला. हे कोणी सोडू नका. रिंग ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवर दाबून बसवलेली असते, तिच्या खाली गंज वाढला की ती ताणली जाऊन तडकते आणि एका ठिकाणी दोन दातांमधलं अंतर वाढतं. तशी रिंग असेल तर लाइव्ह डेटामध्ये प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठरावीक अंतराने झटका दिसतो. टायरचा घेर १.९ मीटर धरला तर ताशी १० किलोमीटरला सेकंदाला साधारण दीड वेळा. माझ्या ग्राफमध्ये असं काही नव्हतं आणि डोळ्यांनी पण रिंग अखंड दिसली, दातांमध्ये थोडी काळी माती होती ती ब्रशने काढली.

सेन्सरच्या टोकाला बारीक लोखंडी भुगा चिकटलेला होता, आत चुंबक आहे म्हणून ब्रेकचा भुगा तिथे जमतो. कापडाने पुसला. भोकाच्या भिंतीला सिरॅमिक ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, टोकाला काही नाही. कॉपर ग्रीस इथे वापरू नका, त्यात धातू असतो. बोल्ट हाताने लावून मग हलकाच आवळला, मॅन्युअलमध्ये ८ न्यूटन मीटर आहे. मऊ प्लास्टिकची कॉलर आहे, जोर लावला तर फुटते.

मीटर परत लावला, चाक फिरवलं: ०.३८ व्होल्ट. आतापर्यंतचा खर्च ऑइलचा कॅन, ब्रश आणि एमरी पेपर एवढाच.

१३ मार्च

कोड क्लिअर करून चालवली. इग्निशन ऑन केल्यावर दिवा काही सेकंद लागून विझला. थांबताना थरथर नाही. भाच्याने ग्राफ बघितला, उजवी रेषा बाकीच्यांसोबत चार-पाचपर्यंत खाली येते आणि चौघी एकदम शून्यावर जातात. अशीच यायला पाहिजे.

१९ मार्च

दिवा परत आला. कोड तोच, सी००४०.

पण यावेळी थरथर नव्हती आणि दिवा लागला तो वळणावर. म्हणून आधीच्या दुरुस्तीवर शंका घ्यायच्या आधी परत ग्राफ काढला, आणि चित्र पूर्ण वेगळं निघालं. कमी वेगात रेषा व्यवस्थित, पण चाळीसला डावीकडे वळताना उजवी पुढची रेषा तडक शून्य, क्षणभराने परत चाळीस. हळूहळू कमजोर होणं वेगळं आणि असं तुटून परत येणं वेगळं. फट अशी वागत नाही, ही वायर आहे.

ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी या सगळ्या कामातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे की कोड तोच असला तरी रेषा कशी पडते ते बघा. कमी वेगात दर वेळी पडत असेल तर फट. फेऱ्याला एकदा ठरावीक झटका असेल तर रिंग. स्टिअरिंग किंवा खड्ड्याबरोबर कुठल्याही वेगात तुटत असेल तर वायर किंवा कपलर. सुरुवातीपासून एकदम सपाट शून्य असेल तर सर्किट पूर्ण तुटलेलं किंवा सेन्सर गेलेला.

२० मार्च

८ तारखेला मीटर लावून वायर हलवून बघितली होती, तेव्हा काही सापडलं नव्हतं. कारण आज समजलं. त्या दिवशी चाक हवेत लोंबकळत होतं आणि स्टिअरिंग सरळ होतं, म्हणजे वायरला जो पीळ आणि ताण रस्त्यावर पडतो तो पडतच नव्हता.

आज गाडी जमिनीवर चाकांवरच ठेवली, मीटरच्या लांब वायरी कपलरला जोडून बाहेर घेतल्या, भाच्याला स्टिअरिंगवर बसवलं आणि इंजिन चालू ठेवून पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे सावकाश फिरवायला सांगितलं. हात चाकापासून लांब. डावीकडे पूर्ण टोकाला गेल्यावर १.२ किलोओहमचं एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, थोडं परत आणलं की १.२. पुन्हा पुन्हा तसंच. तुमच्या मीटरला मिन-मॅक्स असेल तर ते चालू ठेवा, क्षणभर तुटलेलं डोळ्याला दिसत नाही.

२२ मार्च

वायर कुठे तुटते ते शोधलं. इंजिन बंद, चाक डावीकडे वळवून ठेवलं आणि वायर बोटाएवढ्या टप्प्याटप्प्याने चिमटीत धरून वाकवत गेलो. स्ट्रटवरच्या (पुढच्या सस्पेन्शनचा उभा दांडा) ब्रॅकेटमध्ये वायर धरून ठेवणारा जो रबरी ग्रोमेट आहे त्याच्या लगेच खाली सापडलं, तिथे वायर हलकी ओढली की रबरासारखी लांबते, आत तांबं अखंड असेल तर ती तशी लांबत नाही. बाहेरचं आवरण एकदम धड, नुसतं बघून कधीच कळलं नसतं. कापून बघितलं तर आत तारा हिरव्या पडलेल्या, एक-दोन धाग्यांवर टिकून होत्या.

तिथेच जोडून टाकायचा विचार आला होता, पण केलं नाही. ही जागा प्रत्येक वळणाला वाकते. सोल्डर केलं की ते तारांमध्ये वर चढतं, तो भाग कडक होतो आणि त्याच्या शेजारीच परत तुटतं. जोड द्यायचाच असेल तर तो बॉडीच्या बाजूला न हलणाऱ्या भागात, क्रिम्प (दाबून बसवायचा जोड) आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) वापरून, दोन वायरींचा पीळ तसाच ठेवून. वाकणाऱ्या भागात ब्रेकच्या वायरला जोड मी देणार नाही. सेन्सर आणि वायर एकत्रच येतात, त्यामुळे आता मात्र नवा सेन्सर घ्यावा लागणार.

२४ मार्च

नवा आला, कपलर जुळतोय, वायरची लांबी तीच. पण बसवायच्या आधी जुन्याशेजारी ठेवून व्हर्निअरने कॉलरपासून टोकापर्यंत मोजलं तर नवा ०.६ मिलिमीटरने आखूड. दिसायला एकसारखे, पण एवढ्या फरकाने फट परत वाढली असती आणि सगळं परत ४ तारखेवर आलं असतं. परत केला आणि पार्ट नंबर जुळवून मूळ कंपनीचा मागवला. तो जवळपास दुप्पट महाग आणि चार दिवस थांबायचं, पण इथे तडजोड नको. ऑनलाइन "सगळ्या मॉडेलला बसतो" लिहिलेला पार्ट घेताना ही लांबी नक्की मोजा.

२८ मार्च

बसवला. साफ केलेल्या भोकात बोटाने दाबून गेला, ही खूण चांगली. वायर जुन्याच वाटेने, सगळे ग्रोमेट आणि क्लिप जागच्या जागी. नव्या वायरवर ग्रोमेट कुठे यायचे त्याच्या पांढऱ्या खुणा असतात, त्या ब्रॅकेटशी जुळवा, नाहीतर एका भागात ताण आणि दुसरीकडे सैल वायर टायरला घासते. प्लास्टिक टायने आवळून टाकू नका. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना, एकदा चाक लोंबकळत आणि एकदा जमिनीवर, वायर कुठेच ताणत नाही ना ते बघितलं. कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या, लॉकचा टिक आवाज येईपर्यंत दाबला.

मीटर: १.१५ किलोओहम, फिरवल्यावर ०.४ व्होल्ट, टोकापासून टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवताना आकडा हलत नाही.

कोड क्लिअर केला तरी काही गाड्यांत दिवा लगेच जात नाही, थोडा वेग घेऊन चारही सेन्सर दिसल्यावरच मोड्यूल तो बंद करतो. माझा गाडी सुरू होऊन वीसच्या आसपास गेल्यावर विझला.

मोकळ्या मैदानात, मागे-पुढे कोणी नाही बघून, खडीवर तीसच्या वेगाने जोरात ब्रेक मारला. पेडल थरथरलं, स्टिअरिंग हातात राहिलं, गाडी सरळ थांबली. त्यानंतर साध्या डांबरी रस्त्यावर सावकाश थांबवली, पेडल शांत.

६ एप्रिल

दिवा नाही, मेमरीत कोड नाही. वळणावर, खड्ड्यांवर, पाण्यातून, सगळीकडे ग्राफ बघून झाला.

आज डावी पुढची बाजू पण उघडली, तिथेही गंजाचा थर सुरू झालेला, पण पातळ. ऑइल रात्रभर ठेवल्यावर सेन्सर निघाला, त्याच पद्धतीने साफ करून बसवला, ०.४ वरून ०.४३ व्होल्ट झालं. स्ट्रटच्या ब्रॅकेटखाली वायर चिमटीत धरून तपासली, ती ठीक आहे. मागचे दोन सेन्सर पावसाळ्याच्या आधी काढून बघणार, त्यांचे आत्ताचे आकडे मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत, डावा १.०५ आणि उजवा १.१ किलोओहम.